सटवाईचा कोरा कागद

"केतू, बाळ झालं की आधी घड्याळ बघ, मग बाळ." चांद्रतळावरच्या विषाणू-प्रयोगशाळेत जाताना आजोबांनी बजावलं होतं. का, ते सांगायचं मात्र राहूनच गेलं.

आज सकाळी सात-दहाला मावशीला मुलगी झाली. केतकीने घाईघाईत हाताला लागलेल्या कोऱ्या कागदावर वेळ लिहून टाकली. तोवर उमा, म्हणजे आरोग्यकेंद्रातली यंत्रपरिचारिका (माणसासारखी शुश्रूषा करणारं यंत्र), दोन इवल्या सुया घेऊन आलीच.

"थांब गं बाई!" मावशीच्या सासूबाई, माई, आडव्या आल्या. "पाचवी पुजल्याशिवाय सुई नाही. सटवाई नशीब लिहून जाऊ दे, मग टोच हवं तेवढं."

मावशीचे डोळे भरले. "माझ्या रक्तात काविळीचा 'बी' विषाणू आहे, माई. हिलाही दिला असेल का हो मी?"

"म्हणूनच घाई," उमा हळुवारपणे म्हणाली. "नऊ महिने वारेने (बाळाला आईशी जोडणाऱ्या अवयवाने) बहुतेक विषाणू अडवले. केवढं काम! पण जन्मताना आईचं रक्त बाळाला लागतं. मोठ्या माणसाचं शरीर हा विषाणू बहुतेक वेळा हुसकावतं. तान्ह्याला तो शत्रू आहे हेच कळत नाही, मग तो यकृतात जन्मभर मुक्काम ठोकतो. एका सुईत तयार प्रतिपिंडं (विषाणूला धरून ठेवणारे पहारेकरी), दुसरीत लस, म्हणजे शत्रूची ओळख. बारा तासांच्या आत दोन्ही."

म्हणून घड्याळ! केतकीला उलगडलं.

"अगं, हे काय केलंस?" माईंना तो कागद दिसला. "सटवाईसाठी आणला होता मी! आता ती कुठे लिहील?"

"चुकलं माझं, माई. पण कागद दुसरा आणता येईल. बाळावर विषाणूनेच आधी लिहिलं, तर सटवाईने कुठे लिहायचं?"

माईंनी बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग त्यांनी हात जोडले. "टोच बाई. पण हळू हं."

बाळ एकदाच किंचाळलं.

"आता पाजा. दुधातून हा विषाणू जात नाही," उमा म्हणाली. "पण सहा, दहा, चौदा आठवड्यांना लस हवीच. वर्षभराने रक्त तपासू, तेव्हा खरं कळेल."

"इतकं कोण लक्षात ठेवणार?" मावशी पुटपुटली.

"चाळीस वर्षांत माझा पूजेचा एकही नेम चुकलेला नाही," माई म्हणाल्या. "हाही माझाच."

संध्याकाळी आजोबांचा निरोप आला : 'एक दिवस हा विषाणू फक्त पुस्तकात उरेल, केतू.'

सहा आठवड्यांनी सकाळी केतकीला जाग आली, तेव्हा देवापुढे निरांजन तेवत होतं. माईंनी दुपट्यातलं बाळ छातीशी धरलं, लसीचं कार्ड कमरेला खोचलं आणि कुणालाही न उठवता त्या पायऱ्या उतरू लागल्या.