उत्तर पाळीवरची बदली

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर राहू द्या. आमचे गुलाबचंदमामा सांगायचे, तेव्हा त्यांनाही ती पटलेली नसायची.

जानेवारी १९५६. सडक अर्जुनीपासून सात मैलांवरचा तलाव. पहाटेचं धुकं.

मामांची सरकारी टोळी तिथं सारस पक्षी मोजायची. प्रत्येकानं तलावाच्या एकेका पाळीवर, म्हणजे बांधावर, बसायचं. मोजून झालं की पाण्यावरून ओरडून आकडा सांगायचा. आणि बदली माणूस येऊन बसल्याशिवाय जागा सोडायची नाही.

चौथा माणूस द्या, म्हणून मामा दोन वर्षं अर्ज करत होते. शेवटी मिळाला तो नागपूरच्या कॉलेजातला विद्यार्थी, टिकाराम. चिखलात कोरे बूट घालून आलेला.

मामांनी वैतागूनच ओळख करून दिली. हा दुधराम. हा केवळराम. संपली टोळी.

टिकारामला उत्तर पाळीवर बसवलं. टोळीतला आधीचा चौथा माणूस, बकाराम, बुडाल्यापासून ती जागा रिकामी होती.

त्या दिवशी मोजणी फक्त सकाळची, बदली नव्हती; नऊ वाजता तो परत यायला हवा होता.

दहा वाजले...

मामा चडफडत निघाले. सोबत दुधराम.

पोरगा मोहाच्या झाडाखाली ताठ बसलेला. ओठ निळे. पाळ कोरडी ठणठणीत...

बूट मात्र पाण्यानं काठोकाठ भरलेले.

"ऊठ," मामा म्हणाले.

"बदली आली नाही, सर."

"आजपुरती नाही येत. ऊठ."

"इथं एक काका बसले होते. म्हणाले, बरं झालं आलास बाप्पा. दोन वरीस झाले, कोनी बदलीच नाही धाडली. मला बसवलं आणि गेले. त्यांची ओळख तुम्ही करून दिली नव्हती."

दुधराम मागं सरकला.

दोन वर्षांपूर्वी बकारामची बदली धाडायचं मामांच्या ध्यानातून गेलं होतं. तो अंधार पडेपर्यंत बसून राहिला. सकाळी पाण्यात सापडला.

दोघांनी टिकारामला ओढलं. हलेना. अंग बर्फासारखं गार पडत चाललेलं.

शेवटी मामा शेजारी बसले. "झाली बदली. ऊठ आता."

पोरगा झटकन उठला. दुधरामनं त्याला शेकोटीशी नेलं. वाचला.

दुधराम परत आला. म्हणाला, साहेब, आता तुमच्या जागी मी बसतो.

"मग तुझ्या जागी कोण? केवळराम? मग काय अर्जुनीच्या मोटारीतली अख्खी माणसं आणून बसवू?"

मामा तसेच उठले. कोणालाही न बसवता.

काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुधराम एकटा बसायला तयार होईना. मामांनी त्याला दक्षिणेला आपल्याजवळ घेतलं.

पश्चिमेकडून केवळराम ओरडला, "नऊ."

मामा ओरडले, "सात."

उत्तर पाळ रिकामीच होती. पाखरूही बोललं नाही.

आणि उत्तरेकडून...

"चार."

दुधरामनं उत्तरेकडे पाहिलं नाही. त्यानं मामांच्या तोंडाकडे पाहिलं.

"साहेब, तुमी बोलले का?"

मामांचं तोंड बंद होतं.

आवाज त्यांचाच होता.

मामा पुढं तीस वर्षं जगले. त्या आवाजाची बदली म्हणून उत्तर पाळीवर कोणाला धाडायचं, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही.

आता मामाही नाहीत. जानेवारीत सकाळी मी त्या तलावाच्या रस्त्यानं जात नाही. बदली मागणारा मामांचा आवाज ऐकू आला, तर भाच्यानं ओ द्यायची की नाही...

माझं अजून ठरत नाही.