ओळ दोनशे सात

कुंदनला या कामातून मिळणार होतं पुणे. बदलीचं पत्र प्रेमराजभाऊंच्या खणात सहीसाठी पडून होतं आणि अट एकच होती, शुक्रवारपर्यंत कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या लिंटरच्या सूचना शून्य. बायको रत्ना पुण्यात नोकरीला, तीन वर्षांची लेक धुळ्याला आजीजवळ आणि हा आमच्या जळगावच्या ऑफिसात. तीन गावांत वाटलेलं घर एका छपराखाली यायचं होतं. प्रेमराजभाऊ आमचे मालक. हे काम पुण्याच्या ज्या कंपनीकडून आलं, तिचं पुढचं मोठं काम त्यांना मिळणार होतं. माझ्या वाट्याला फार तर एक निवांत शुक्रवार.

मी कोड तपासते. सापडलेली प्रत्येक चूक पेनाने डायरीत उतरवते.

"वृषालीताई, तुझी डायरी म्हणजे चित्रगुप्ताची वही," कुंदन म्हणायचा.

"त्यात तुझंच खातं सगळ्यात जाड आहे," मी म्हणायचे.

त्याच्या टेबलावर पद्मालयच्या गणपती मंदिराच्या पायऱ्यांवरचा फोटो असायचा. लेक मधोमध, एका मुठीत बापाचं बोट, दुसऱ्या मुठीत आईचं.

काम यावलच्या एका केळी पॅकिंग केंद्राचं होतं. मजुरांच्या हजेरीचा प्रोग्राम, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला, चार जणांच्या हातून गेलेला. मंगळवारी सकाळी कुंदनने एडिटरमध्ये लिंटर बसवला. कोड लिहितो तिथेच बसून चुकांखाली नागमोडी रेघ ओढणारा हा प्रोग्राम. वही तपासणाऱ्या मास्तरासारखा. कुंदनने नियमांची फाईल केली, एडिटर बंद करून पुन्हा उघडला. पडदा रेघांनी भरून गेला. खाली आकडा आला, तीनशे अठरा.

प्रेमराजभाऊ वाकून बघत म्हणाले, "अरे, याला तर गोवर निघालाय."

मग कुंदनने एक सोय चालू केली. फाईल सेव्ह केली की जमेल तेवढं लिंटरने स्वतःच दुरुस्त करायचं. हे जमेल तेवढं म्हणजे फारच थोडं असतं. जादा मोकळ्या जागा, राहिलेले अर्धविराम. नाव पुसण्याचं काम तो करत नाही. मला ते नीट ठाऊक आहे, म्हणून सांगून ठेवते.

बुधवारी दुपारी एकच सूचना उरली.

ओळ २०७. 'ताईबाई' हे नाव नोंदवलं आहे, पण कुठेही वापरलेलं नाही.

आमचा सगळा कोड रोमन लिपीत आहे. हे नाव देवनागरीत होतं. ओळ दोनशे सात कोरी होती, तरी कोऱ्या जागेखाली रेघ होती. सगळ्या फायली शोधल्या, नाव कुठेच नाही. मजुरांची यादी वेगळी असते, तिचा कोडशी संबंध नाही.

"कुणी तरी थट्टा केलीय," कुंदन म्हणाला.

मी यावलला फोन लावला. मुकादम वनाभाऊ मूळचे एरंडोलकडचे, अहिराणी बोलणारे. म्हणाले, "ताईबाई? आठेच शे ना. तुरटीना पानीमा फण्या धुई ऱ्हायनी. देऊ का फोन?"

मागे केळीच्या फण्या धुण्याचं पाणी पडत होतं. एक बाई मोठ्याने हसली.

"द्या," मी म्हणाले.

शेजारी कुंदनने सवयीने सेव्ह केलं. रेघ गेली. दोनशे आठवी ओळ एक घर वर सरकली. खाली शून्य.

"कोनले देऊ?" वनाभाऊंनी विचारलं.

"ताईबाईंना."

"कोन ताईबाई? बठ्ठा वळखीना मानसे शेत आठे. अशी कोनी बाई नही शे, ताई."

पाणी तसंच पडत होतं. हसणं नव्हतं.

मी यादी उघडली. त्रेसष्ट नावं, क्रमांक सलग, मध्ये खाडा नाही. माझ्या डायरीत सोमवारच्या पानावर मजुरांचा आकडा चौसष्ट होता.

"लिहिताना चुकली असशील," कुंदन म्हणाला.

"आकड्यात?"

यावर तो एरवी हसला असता. त्याने गुपचूप सेटिंग उघडली आणि आपोआप दुरुस्तीची सोय बंद केली. मी बघत होते. गुरुवारी त्याने फायलीच्या जुन्या प्रती काढल्या. त्यांच्यातही कोरी ओळ नव्हती.

शुक्रवारी सकाळी अकराला बाहेर इतकं ऊन होतं की खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. कूलर घरघरत होता. कुंदनने फाईल उघडली आणि तापल्या तव्यावरून काढावेत तसे दोन्ही हात उचलले.

ओळ २०७. 'रत्ना' हे नाव नोंदवलं आहे, पण कुठेही वापरलेलं नाही.

"ताई, कशालाच हात लावू नको."

त्याने मोबाइल काढला, स्पीकरवर टाकला. दोन रिंग झाल्या.

"काय हो, ऑफिसात आहे मी. पत्र मिळालं का?"

"रत्ना, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. डब्याला काय नेलंस ते सांग."

"शेवभाजी. बरं नाही का तुम्हाला? आवाज असा का येतोय?"

"कॉम्प्युटरची वायर काढ," मी हळूच म्हणाले. तो मान हलवत होता. वायर काढली तर काय होईल हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही.

आतून प्रेमराजभाऊंची हाक आली. "कुंदन! पुण्याची माणसं लाईनवर आहेत. शून्य झालं का?"

"आलो भाऊ."

"खोली बघून ठेवलीय मी," रत्ना सांगत होती. "पिल्लूसाठी शाळाही जवळच..."

कुंदन खुर्चीतून उठला.

दहा वर्षांची सवय. आमच्यातला कुणीही जागेवरून उठताना आधी सेव्ह करतो. डाव्या हाताची दोन बोटं खाली गेली. त्याची नजर मोबाइलवर होती.

मी बोटं पाहिली. ओरडेपर्यंत वेळ गेली.

रेघ नव्हती.

शून्य.

मोबाइलमधून नुसती खरखर येत होती. कुंदनने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"कुणाला लावला होता गं मी?"

सोय बंद होती ना, हे मी नंतर तपासलं. त्याने ती स्वतःच्या सेटिंगमध्ये बंद केली होती. मंगळवारी मात्र ती प्रकल्पाच्या सेटिंगमध्येही लिहून ठेवली होती, आणि दोन्हींत वेगळं असलं की प्रकल्पाचंच चालतं. हे त्यानेच मला कधीतरी शिकवलं होतं.

प्रेमराजभाऊंना पुण्याचं काम मिळालं. पुण्याच्या कंपनीला स्वच्छ कोड मिळाला. कुंदनला पत्र मिळालं. त्याने ते वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"पुण्याला कशाला, भाऊ? माझं कोण आहे तिथे? आई आणि लेक धुळ्याला. धुळ्याकडे काही असेल तर बघा."

लेकीची आई कोण, हे भाऊंनी विचारलं नाही. त्यालाही विचारावंसं वाटलं नाही.

माझ्या डायरीत दोन्ही नावं आहेत. रोज सकाळी मी ती मोठ्याने वाचते. वापरात राहावीत म्हणून. कुंदन ऐकतो आणि विचारतो, "कोण गं या?"

या कामात कुणी काय दिलं, ते त्याच्या टेबलावर फ्रेममध्ये आहे. पद्मालयच्या पायऱ्या. कुंदन. मधोमध लेक, एका मुठीत बापाचं बोट. दुसरा हात तसाच वर उचललेला. पलीकडे उन्हात कोरी पायरी. ती मूठ पुरती मिटलेली नाही. आत एका बोटाएवढी जागा आहे, आणि ती तिने घट्ट धरली आहे.