नळीच्या टोकाशी

स्कॅनवाल्या ताई एकवीस वर्षं त्या काचेमागच्या खुर्चीत बसत होत्या. एमआरआयच्या बोगद्यात शिरताना कोण डोळे घट्ट मिटतं, कोण उगाच विनोद करतं, हे त्यांना पाठ झालं होतं. सुतारकाका मात्र शांत होते. मेंदूतल्या गाठीनं सात महिन्यांपूर्वी त्यांची वाचाच नेली होती. "हं" यापलीकडे शब्द फुटत नव्हता. काकू बाहेर बाकावर त्यांचा चष्मा मुठीत धरून बसल्या होत्या.

रक्तातून आलेल्या औषधाला मेंदू सहसा दारातही उभं करत नाही. म्हणून सर्जनबाईंनी कवटीला बारीक छिद्र पाडून केसासारखी नळी थेट गाठीत नेली होती. आता पंप थेंबाथेंबानं औषध सोडणार आणि ते कुठवर पोचलं हे दर दोन मिनिटांनी स्कॅनवर दिसणार. गाठीला लागूनच मेंदूतल्या पाण्याची पोकळी होती. औषध तिकडे वळलं की सगळीच मेहनत पाण्यात.

करड्या चित्रात पांढरा ठिपका उमटला. आधी मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा.

"बघा, कसं अंग धरतंय," सर्जनबाई हळूच म्हणाल्या. तासभर त्या पडद्यासमोरून हलल्या नव्हत्या. असा धीर ताईंनी आजवर कुणात पाहिला नव्हता.

तेवढ्यात ताईंच्या हेडफोनमध्ये कुणीतरी बोललं.

"खाली सरकतंय."

यंत्राचा खडखडाट चालू होता. त्या गोंगाटात आतलं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नसे. हा आवाज मात्र कानाशी तोंड आणून बोलल्यासारखा स्पष्ट होता.

"काका? तुम्ही बोललात?"

ताईंनी हेडफोन कानाशी घट्ट दाबला. नवं चित्र आलं. ठिपका खाली सरकला होता.

"आता मागे पसरेल."

पुढचं चित्र आलं. मागे पसरला होता.

ताई सर्जनबाईंना सांगायला वळल्या. सांगावं तर लोक वेड्यात काढतील.

"थांबवा. पोकळीकडे फुटतंय."

पडद्यावर सगळं झकास दिसत होतं.

"मॅडम, पंप बंद करा!" ताईंच्या तोंडून निघून गेलं.

"का?"

"ते... सांगता येत नाही."

दुसरं कुणी असतं तर झापलंच असतं. सर्जनबाईंनी एकदा ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पंप बंद केला.

नवं चित्र आलं. ठिपक्यातून एक पांढरा धागा निघून पोकळीच्या भिंतीला टेकला होता. टेकून तिथंच थांबला होता.

सर्जनबाईंनी आत जाऊन नळी दोन मिलिमीटर मागे घेतली. मग पुन्हा तोच संथ थेंब, तीच न ढळणारी नजर. दुपारपर्यंत गाठ औषधानं काठोकाठ भरली.

"नजर आहे हो तुमची," त्या म्हणाल्या. ताईंनी हेडफोन उतरवून ठेवला.

दीड महिन्यानं सुतारकाका तपासणीला आपल्या पायांनी चालत आले. गाठ निम्मी झाली होती. अडखळत का होईना, बोलू लागले होते. ताईंना राहवेना.

"काका, त्या दिवशी आतून तुम्ही बोलत होता ना?"

"मी? मला... कुठं बोलता येत होतं!" काका हसले. मग बोगद्याकडे बघत त्यांनी आवाज उतरवला. "तो बोलत होता. शेजारचा."

"शेजारचा कोण?"

"माझ्या बाजूला निजवला होतात तो. फार अवघडून पडला होता बिचारा. मी हात अंगाशी ओढून घेतला, तेव्हा कुठं... जागा झाली त्याला."

ताईंनी काकांच्या रुंद खांद्यांकडे पाहिलं. त्या बोगद्यात ते एकटेच कसेबसे मावले होते.

"ताई," काकांनी काळजीनं विचारलं, "नंतर त्याला बाहेर काढलंत ना?"