एका पावाच्या तारणावर

दातांच्या दवाखान्यात हसत हसत कुणी येत नाही. तो आला. बाह्यांवर पीठ, हातात कागदात गुंडाळलेला गरम पाव आणि चेहरा असा खुललेला, की डॉक्टर क्षणभर गोंधळलीच.

“कुठला दात?” तिने विचारलं.

“दात नाही... बाहेरची सायकल. विकायची म्हणून पाटी लावलीय ना? मी पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला.”

“हो, विकायचीय,” ती म्हणाली.

ती सायकल म्हणजे तिची म्हातारी. हिरवा रंग जागोजागी उडालेला, सांगाडा चांगला जड. पण कॉलेजात असल्यापासूनचे सगळे डोंगर डॉक्टर हिच्यावरूनच चढली होती. आता वहिनीला बाळ होणार होतं आणि सायकलींची खोली रिकामी करायची होती. जिन्याखाली एकीलाच जागा उरली होती. नवी हलकी सायकल दादाने हौसेने घेऊन दिलेली, ती कशी काढणार? म्हणून म्हातारीवर पाटी लागली. याच्याआधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. एकाला तिला हॉटेलच्या भिंतीवर टांगायचं होतं, दुसऱ्याला सोनेरी रंग द्यायचा होता. दोघांनाही तिने वाटेला लावलं.

बेकरीवाल्याने मात्र बाहेर येऊन आधी पुढचं चाक उचललं, फिरवलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. काय लांब पापण्या होत्या मेल्याच्या! डॉक्टरने घाईघाईने नजर चाकाकडे वळवली.

“वर खिंडीत गेलीय ही?” त्याने विचारलं.

“किती वेळा! एकदा गारांनी गाठलं. रस्त्याखालच्या मोरीत बसलो दोघी. माझं जॅकेट हिच्या सीटवर घातलं.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय, मी वाळते. सीट वाळायला दोन दिवस लागतात.”

तो मोठ्याने हसला. “मी हिच्यावरून खिंडीपर्यंत जाऊन येऊ? पटली तर घेतो. तोवर हा पाव ठेवा तारण म्हणून. सकाळचाच आहे.”

“एका पावावर माझी म्हातारी?”

“बरं... उद्याचाही देईन.”

तिला हसू आवरलं नाही. आणि त्या हसण्याच्या नादात एक गोष्ट सांगायची राहून गेली.

दुपार कलली. पाव गार झाला. बेकरीवाल्याचा पत्ता नाही. “एका पावावर सायकल घालवलीस!” फोनवर दादा खो खो हसत होता. तिला मात्र हसू येईना. समोरचा डोंगर धुक्यात गडप झाला होता, भुरभुर सुरू झाली होती, आणि तिला आत्ता आठवलं... पुढच्या ब्रेकची तार! तिचे दोन पदर तुटलेले तिने मागच्याच आठवड्यात पाहिले होते. बदलायचं मनावर घेतलं नव्हतं, कारण तार बदलली की म्हातारी विकायला तयार झाली असती.

उरलेल्या पेशंटना तिने हात जोडले, दवाखान्याला कुलूप लावलं आणि नवी सायकल काढली.

घाटात धुकं इतकं, की पुढचं वळण दिसेना. ती उभ्याने पायडल मारत होती. ओल्या रस्त्यावर पालापाचोळा, कठड्यापलीकडे दरी. प्रत्येक वळणावर ती कठड्याशी वाकून खाली पाहत होती आणि हिरवा रंग शोधायचा सोडून पिठाच्या बाह्या शोधत होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

एरवी घरात तिची ख्याती होती ती माणसाआधी सायकल बघणारी म्हणून. दादा एकदा म्हातारीवरून पडला, हात मोडला, आणि ही धावत आली ती “रिम वाकली नाही ना?” विचारत. दादा हे येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

शेवटून तिसऱ्या वळणावर धुक्यातून कुणीतरी चालत येताना दिसलं. एका बाजूने चिखलाने माखलेलं, शेजारी सायकल धरलेली.

“डॉक्टर!” तो लांबूनच ओरडला. “घाबरू नका! सायकलला काहीही झालेलं नाही! तार तुटली, पण मी खाली पडलो आणि ती माझ्या अंगावर, त्यामुळे—”

“खड्ड्यात गेली सायकल!” ती किंचाळली. “तुम्हाला लागलं का?”

बोलून गेली आणि स्वतःच थबकली. हे शब्द तिच्या तोंडून कसे आले? डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू, आणि जीव भांड्यात पडलेला. ती कठड्यावर टेकली. नवी कोरी सायकल रस्त्यावर आडवी पडली होती. तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

“मला नाही विकायची ती,” ती नाक पुसत म्हणाली. “कुणालाच.”

“नका विकू.” तो शेजारी येऊन बसला. हाताला पावाचा आणि चिखलाचा, दोन्हींचा वास. “माझ्या भट्टीमागे एक खोली आहे. बारा महिने कोरडी, गंजाचं नाव नाही. म्हातारी तिथे राहील. राहील तुमचीच... तुम्ही फक्त येत जा. रोज आलात तरी चालेल.”

सायकलवेड्या बाईला कोरड्या खोलीहून गोड दुसरं काय सांगणार? तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“पाव मिळेल?” तिने विचारलं.

“गरम.”

आणि तो हसला, पडल्यानंतर पहिल्यांदाच तोंड भरून. सकाळी धड असलेला वरच्या ओळीतला एक दात आता अर्धा गायब होता.

“अहो! हे कधी—”

“आता विचारा ना,” तो म्हणाला, “कुठला दात?”