शकुनच्या घराची भिंत

खोटं सांगत असेन तर जीभ झडो माझी. हे माझ्या कुंदा मावशीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

साल बासष्ट. परतवाड्याच्या अलीकडचं नदीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, त्या घरची माणसं अजून आहेत.

पुरात बौद्धपुऱ्यातली घरं वाहून गेली. ती बांधून द्यायला परदेशातून पोरंपोरी आली. त्यात स्वित्झर्लंडची लेना, आर्किटेक्चर शिकणारी. अमरावतीची आमची मावशी तिची दुभाषी.

बौद्धपुऱ्यातली शकुन पोटुशी होती. तिची पहिली पोर तान्हेपणीच गेलेली.

"हे बाळ तुझ्या स्वतःच्या घरात जन्मेल," लेनानं शब्द दिला.

आमच्याकडं भिंतींना पांढरी लागते, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या गावठाणाची माती. ती होती लांब. खुशालराव पाटलानं आपल्या वावरातलं टेकाड दाखवलं.

"हे न्या ना बाई. पांढरीच हाय."

गाव मूग गिळून गप्प बसलं. त्यांची लेकरं तिथं नव्हती ना! बौद्धपुऱ्यातली माणसं तर तेव्हा अचलपुरात, एका शाळेत आसऱ्याला.

टेकाड सपाट झालं. घरं उभी राहिली. शकुनला मुलगा झाला. लेना तर नाचलीच म्हणे!

थंडीतल्या एका दुपारी लेना आणि मावशी बाळंतिणीला बघायला गेल्या.

घरात आवाज नाही...

झोळीतलं पोर रडत नव्हतं.

पण कुठंतरी चुटूक... चुटूक... लेकरू दूध पितं, तसा आवाज.

शकुन कोपऱ्यात बसली होती. पदराआडून भिंतीला छाती लावून.

"हळू बोला ना बाई. आताच लागली प्याले."

"कोण गं?"

"माही पोरगी."

भिंत ओली होती. त्या ओलीत रुतलेली... काळ्या मण्यांची इवलीशी मनगटी.

सासू पार्बताबाई उंबऱ्यात कपाळ बडवत होती.

"त्या टेकाडात आमी लेकरं पुरत होतो व माय! हिची पोरगीबी तिथंच. आमी परत आलो तवा टेकाडच नव्हतं. पाटलाले सारं ठाऊक होतं. फुकटात वावर सपाट करून घेतलं मेल्यानं! आन् दुसरं घर आमी कुठून आनावं?"

मावशीनं लेनाला सगळं सांगितलं आणि झोळीतलं पोर उचललं. नुसती काडी झालेलं.

"शकुन, याला पाज! मरेल गं हा!"

"त्याले समदे हायेत. हिले कोन हाय?"

लेनानं कुदळ उचलली. घाव घातला.

भिंतीतून किंकाळी आली...

मग शेजारच्या भिंतीतून. मग त्या अख्ख्या रांगेतून...

लेना थांबली नाही. भिंत पडली आणि सगळं चिडीचूप झालं.

शकुननं मुकाट्यानं मुलाला छातीशी धरलं. दुधाचा थेंब नव्हता. मावशीनं पोराच्या तोंडात बोट घातलं...

आत पांढरी. पार घशापर्यंत.

पोर गेलं.

आता पुरायचं कुठं? पाटील बांधावर आडवा उभा.

"तिथं आता माही ज्वारी हाय."

त्याचं वाटोळं झालं असेल, असं वाटतंय ना? कुठलं काय! ज्वारी पुरुषभर आली त्याची.

शकुनच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मेलेलं पोर तिनं लेनापुढं धरलं.

"बाई, याची भिंत कवा बांधता?"

लेनाला मराठी कळत नव्हतं. काय म्हणाली, काय म्हणाली, ती विचारत राहिली. मावशीला सांगवलं नाही.

मला सांगितलं तेव्हाही तिनं आधी दार लावून घेतलं. भर दुपार होती तरी...