आतून पेटलेला डोंगर

निंबगावच्या कचऱ्याच्या डोंगराला कुणी काडी लावली नव्हती. तरी सकाळी त्यातून धूर निघाला. मग आग लागली कशी?

नगरपालिकेच्या घैसाससाहेबांकडे उत्तर तयार होते. कचरा वेळेवर उचलत नाहीत म्हणून डेपोच्या फाटकाबाहेर बायका धरणे धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ते हवालदाराला म्हणाले, "यांनीच पेटवलंय. त्यांच्या पुढारी सुलभाबाईंना गाडीत बसवा."

सुलभाबाईंची मुलगी जुई पुढे आली. सोबत शाळेचा यंत्रमानव होता. वायू हुंगायला त्याला लांब नळी होती, म्हणून त्याचे नाव नाक्या.

"साहेब, आतला कचरा नाक्याला तपासू द्या. मग न्या आईला."

"आता डबा आम्हाला शिकवणार!"

"डबा रिकामा असतो, साहेब," नाक्या म्हणाला. बायका खदखदून हसल्या. हवालदाराने फाटकाचे कुलूप काढले.

नाक्या धुराकडे गेलाच नाही. जिथे धूर नव्हता, त्या लांबच्या कोपऱ्यात त्याने लोखंडी सळई खोल खुपसली.

"यावर माती का टाकली?"

"मंत्री येणार होते," साहेब पुटपुटले. "वास येऊ नये म्हणून."

थोड्या वेळाने नाक्याने सळई बाहेर ओढली. "हात लावा."

साहेबांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! तापलीय की!"

"तिथंही मीच काडी लावली का हो?" फाटकातून सुलभाबाई ओरडल्या.

नाक्या जुईला सांगू लागला, "ओल्या कचऱ्यात जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) असतात. ते कचरा खातात, तेव्हा उष्णता तयार होते. वरून माती दाबली, की ही उष्णता आत कोंडते. हवा नसली, की मिथेन (पेट घेणारा वायू) तयार होतो. मग माती तडकते, भेगेतून हवा आत शिरते आणि तापलेला सुका कचरा धुमसू लागतो."

"म्हणजे ओलं-सुकं एकत्र टाकलं नसतं तर..."

"आम्ही वेगळंच देतो गं!" सुलभाबाई म्हणाल्या. "यांचा ट्रक एकत्र करतो."

साहेबांनी हवालदाराला गाडी परत न्यायला सांगितली. मग हात जोडले. "बाई, आता उठा."

"ओल्याचा ट्रक वेगळा आला, की उठू."

दुसऱ्या दिवशी दोन ट्रक आले. ओला कचरा बंद टाकीत गेला. त्यातला मिथेन नळीने शाळेच्या स्वयंपाकघरात नेण्याचे काम नाक्याने हाती घेतले. सुलभाबाईंनी दोन्ही ट्रकमध्ये नीट डोकावून पाहिले आणि मगच सतरंजी गुंडाळली.