गहिनीनाथची हार्ड डिस्क

मोबाइलच्या बॅटऱ्या विझवा बरं आधी. लाइट गेली तर गेली, अंधारानं कोणी मरत नाही. हनुमान, तू दाराकडं पाठ करून बसू नको, असा आत सरक. का, ते नंतर विचार.

तुम्हा पोरांना भूत म्हटलं की उलट्या पायांची बाई लागते. चिंचेचं झाड लागतं. माझ्या गोष्टीत तसलं काही नाही. एक कॉम्प्युटर आहे, एक हार्ड डिस्क आहे आणि मत्सरानं आतल्या आत कुढणारी एक चांगली पोरगी आहे. आणि शेवटचं जे सांगणार आहे ते मी स्वतः पाहिलेलं आहे, या डोळ्यांनी. बाकीचं वर्षाराणीनं माझ्या बायकोला सांगितलं, तीनदा, आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

गहिनीनाथ आपल्या युसूफ वडगावातलाच. केजच्या रस्त्याला त्याचा फोटो स्टुडिओ, त्याच्यामागं घर, आणि त्याची भिंत ती माझी भिंत. त्याची पहिली बायको प्रियदर्शनी २००३ साली काविळीनं गेली. सोन्यासारखी बाई, पण गहिनीनाथ दुसऱ्या कोणाच्या बायकोशी दोन शब्द जास्त बोलला तर दोन दिवस चूल पेटवायची नाही. दोन वर्षांनी त्याच्या आईनं, तुळजाबाईनं, हट्टाला पेटून त्याचं दुसरं लग्न लावलं. ही वर्षाराणी. अंबाजोगाईची, एमएस-सीआयटी पास. कॉम्प्युटरचं ते सर्टिफिकेट तिनं रुखवतात लाडवांच्या शेजारी मांडलं होतं.

आता सवतीचा टाक तुम्हाला माहीत नसेल. पहिली वारलेली असली की दुसरीच्या गळ्यात चांदीचा एक टाक बांधतात. नखाएवढा, त्यावर बाईचा चेहरा उठवलेला. ती पहिली. कुंकू आधी तिला लावायचं, मग आपल्याला. नवी साडी आधी तिला टेकवायची, मग नेसायची. गेलेलीला मान मिळाला की ती संसारात लुडबुड करत नाही, असं मानतात. तुळजाबाईनं भर मांडवात काळ्या दोऱ्यातला टाक वर्षाराणीच्या गळ्यात घातला, मंगळसूत्राच्याही आधी. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फ्लॅश मारला.

वर्षाराणीला त्या टाकाचा राग होता. का नसावा? बावीस वर्षांची पोर. भाजीत मीठ कमी पडलं की सासू म्हणायची, "प्रिया असती तर..." लोणच्याची बरणी प्रियाची, पाटा प्रियाचा, भिंतीवर हार घातलेला फोटो प्रियाचा. स्वतःच्या कपाळाचं कुंकूसुद्धा दुसऱ्या नंबरचं. माझ्या बायकोजवळ येऊन रडायची. "कौशल्याकाकू, जिती सवत असती तर मी भांडले असते. ह्या मेलेलीशी कसं भांडू?"

आणि त्यात गहिनीनाथचं रात्रीचं जागरण. २००६ सालचं भारनियमन आठवतं का? तुम्ही शेंबडे होता. आपल्याकडं दिवसभर लाइट नसायची, रात्री दहाला यायची, दोनला जायची. तेवढ्या चार तासांत गहिनीनाथ स्टुडिओत कॉम्प्युटरपुढं बसायचा. दाराला आतून कडी. वर्षाराणी अंथरुणात पडून दाराखालचा निळा उजेड बघायची. कधी कधी आतून बाई हसल्यासारखं ऐकू यायचं. हळू, जवळच्या माणसाशी हसावं तसं. तिनं एकदा विचारलं, "आत काय करता वो?" तर तो लाजला आणि म्हणाला, "काय न्हाई, काम हाय." लाजला, हेच तिच्या जिव्हारी लागलं. तिनं मनाशी पक्कं केलं, हा रोज रात्री तिचेच फोटो बघत बसतो.

तर आता ती रात्र. सोमवार, २७ फेब्रुवारी २००६. महाशिवरात्र आदल्या दिवशी झालेली, अमावस्या लागलेली. गहिनीनाथ रेणापूरकडं एका लग्नाच्या शूटिंगला गेलता, मुक्काम तिकडंच. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला.

"वर्षा, एक काम हाय. नेकनूरचे पाव्हणे सकाळच्या गाडीनं येतेत फोटो न्यायला. त्यांचे फोटो त्या काळ्या हार्ड डिस्कमधी हायेत, आन् कालपासून कॉम्प्युटर डिस्कच घेईना. तू शिकलेली हायस. बघतीस का?"

"बघते की."

"नेकनूर म्हणून फोल्डर हाय. तेवढं कॉम्प्युटरवर कॉपी कर." मग तो म्हणाला, "बाकी काय उघडू नको बरं का."

"कावून?"

"नको म्हणलं ना. माझी शपथ हाय."

बायकोला असं सांगणारा माणूस शहाणा म्हणावा का? पण त्याच्या मनात आलं तसं तो बोलून गेला, आणि हिच्या मनात आग पडली.

दहाला लाइट आली. तुळजाबाई आतल्या खोलीत घोरत होत्या. वर्षाराणीनं स्टुडिओ उघडला, आतून कडी लावली, कॉम्प्युटर चालू केला. हार्ड डिस्क म्हणजे वहीएवढा काळा डबा, पुढं एक निळा दिवा. तिनं वायर पुढच्या खाचेत लावली. दिवा लागला, पण स्क्रीनवर काही नाही. काढली, परत लावली. काही नाही. क्लासमधले सर सांगायचे, पुढून करंट कमी मिळतो, मागं लावा. तिनं वाकून मागं लावली. डब्यातून आवाज आला. टक. टक. पण स्क्रीन गप्पच.

ती काही लगेच हरणारी नव्हती. वायर बदलून दोन तोंडांची लावली, म्हणजे दोन खाचांतून करंट मिळेल. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. जोडलेल्या डिस्क दाखवणारी यादी उघडली, त्यात कॉम्प्युटरच्या पोटातली डिस्क दिसत होती, ही नव्हती. जणू ती टेबलावर नव्हतीच. असं करता करता साडेबारा वाजले. दरवेळी वाकलं की गळ्यातला टाक कॉम्प्युटरच्या पत्र्यावर आपटायचा. टण. परत वाकली, परत टण. तिला वाटलं, ही मुद्दाम करतेय. हिला ते फोटो माझ्या हाती लागू द्यायचे नाहीत.

तिनं दोरा डोक्यावरून काढला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. टाक त्या काळ्या डब्यावरच ठेवला आणि म्हणाली, "आजची एक रात तरी मला एकटीला ऱ्हाऊ दे, बाई."

तिनं वायरला हातसुद्धा लावला नाही. कॉम्प्युटर टुंग वाजला आणि डिस्क उघडली.

तिला केवढा आनंद झाला! तिला वाटलं, करंट नीट मिळाला असेल. आत दोनच फोल्डर होते. नेकनूर आणि घरचं. तिनं नेकनूरचे फोटो कॉपी केले, एक एक तपासून पाहिले, सगळे ठीक. सव्वाला काम उरकलं. तेव्हाच उठायला पाहिजे होतं. टाक गळ्यात घालून, लाइट बंद करून झोपायला पाहिजे होतं. पण मत्सर माणसाला उठू देतो का? तिनं 'घरचं' उघडलं.

प्रियदर्शनी.

नवरीच्या शालूत. मुंडावळ्या बांधलेली. शेजारी गहिनीनाथ, कानापर्यंत हसू. पुढचा फोटो, तिच्या तोंडात घास देतोय. पुढचा, तिचा पदर सावरतोय. असा आपल्याकडं तो कधी बघतो? वर्षाराणी एक एक फोटो बघत गेली आणि एक एक फोटोला जळत गेली. दोनशे बारा फोटो. सगळ्यांत तीच. भिंतीवरच्या फोटोतलाच चेहरा, तीच हनुवटीवरची खूण. आणि सगळ्या फोटोंत ती नवऱ्याकडं बघत नव्हती. समोर बघत होती. बघणाऱ्याकडं.

मागून कोणीतरी हसलं. हळू.

वर्षाराणीनं वळून पाहिलं. कडी लागलेली होती.

सरांनी क्लासमध्ये शिकवलं होतं, साधं डिलीट केलं तर फोटो कचऱ्याच्या डब्यात राहतात, परत काढता येतात. शिफ्टसकट डिलीट केलं तर कायमचे जातात. तिनं सगळे फोटो निवडले. शिफ्ट दाबली. डिलीट दाबलं. स्क्रीनवर सवाल आला, कायमचं काढून टाकायचं का?

"हो," ती मोठ्यानं म्हणाली. आणि दाबलं.

हिरवी पट्टी सरकू लागली. फोटो एक एक करून पुसले जाऊ लागले. टक. टक. डबा आतून वाजत होता. तिला लई हलकं वाटलं. वर्षभराचा भार उतरल्यासारखं. पट्टी पाऊण भरली... आणि मागं उघडा राहिलेला एक फोटो तिच्या नजरेला पडला.

मांडवातला. नवरी खाली मान घालून बसलेली. सासू तिच्या गळ्यात काहीतरी बांधतेय.

काळा दोरा... चांदीचा टाक...

पहिलीच्या गळ्यात सवतीचा टाक?

तो कसा असेल?

तिनं स्क्रीनला नाक लावून पाहिलं. नवरीनं मान वर केली होती. मघाशी खाली होती. आता वर. आणि तो चेहरा...

तिचा होता. वर्षाराणीचा. स्वतःचा.

ती थांबवायला धावली. बटण सापडेना. पट्टी सरकत होती. सापडलं. दाबलं. दाबलं. दाबलं...

लाइट गेली.

दोन वाजले होते. घर, रस्ता, गाव, सगळं काळं. कॉम्प्युटर बंद. पंखा बंद. पण तो निळा दिवा... चालूच. टक. टक. तिनं चाचपडत वायर उपटली. वायर हातात आली.

दिवा चालूच.

टक.

तिच्या मानेवर, जिथं रोज दोरा असायचा तिथं, गार बोटं फिरल्यासारखी झाली. गाठ शोधत असावीत तशी...

मग आवाज थांबला.

दिवाही विझला.

सकाळी गहिनीनाथ आला तेव्हा ती स्टुडिओतच भिंतीला टेकून बसलेली होती. टाक सापडत नव्हता. डब्यावर नाही, टेबलाखाली नाही, केरात नाही. तुळजाबाई कपाळ बडवून घेत होत्या. आवाज ऐकून मी आणि माझी बायको तिकडं गेलो. वर्षाराणीनं नवऱ्याचे पाय धरले.

"तुमच्या प्रियाचे फोटो म्या पुसले. मला बघवलं न्हाई. मारा मला."

गहिनीनाथ तिच्याकडं बघतच राहिला. "प्रियाचे? प्रियाचे फोटो डिस्कमधी येतीन कुठून? तिच्या वक्ताला रोलचा कॅमेरा व्हता. तिचा हाय तो ह्यो भिंतीवरचा, एकच. बाकीचे तिच्या माहेरी देऊन टाकले म्या, तुला मागणी घालायच्या आधी."

"मग रातच्याला काय बघत व्हता?"

तो खाली बसला. "आपल्या लग्नाचा अल्बम करत व्हतो. तुला वाढदिवसाला द्यायचा व्हता. म्हणून म्हणलं, उघडू नको." त्यानं टेबलावरचा काळा डबा ओढून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "दुसरीकडं कुठंच न्हाईत ते फोटो, वर्षा. तेवढेच व्हते."

ती पोरगी तेव्हा रडलीसुद्धा नाही. तिनं फक्त मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला. आपल्या लग्नाची एकुलती एक खूण आपल्याच बोटानं पुसली, आणि कोणी पुसायला लावली ते कोणाला सांगायची सोय नाही. माझ्या बायकोचे डोळे मात्र भरून आले.

कोणी म्हणालं, पुसलेले फोटो परत काढता येतात. म्हणून त्याच दुपारी गहिनीनाथ डिस्क घेऊन बीडला निघाला, आणि त्याला धीर म्हणून मी सोबत गेलो. एसटीत डबा माझ्या मांडीवर होता. खड्डा आला की आत काहीतरी खुळखुळायचं. मी म्हटलं, वाटेत एखादा स्क्रू निघाला असेल.

बीडच्या बसस्टँडमागं सिद्धाराम नावाचा मेकॅनिक होता, हात चांगला होता त्याचा. त्यानं डिस्क चार प्रकारे लावून पाहिली. दिवासुद्धा लागेना. मग डबा कानाशी हलवला.

"ह्यो कुणी खोलला व्हता का?"

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

सिद्धारामनं डबा उलटा करून आम्हाला दाखवला. जोडावरची कंपनीची कागदी पट्टी जशीच्या तशी होती. कुठं फाटलेली नाही, कुठं उचकटलेली नाही. त्यानं ती ब्लेडनं कापली. चार स्क्रू काढले. झाकण उचललं... आणि हात मागं घेतला.

आत टाक होता. दोरा डिस्कला सात वेढे घेऊन घट्ट आवळलेला, गाठ न सुटलेली.

गहिनीनाथ त्याला शिवेना. शेवटी मीच उचलला. त्या घरात त्या दिवशी कोणी टाकाला कुंकू लावलेलं नव्हतं. तरी माझं बोट लाल झालं. कुंकू ओलं होतं.